देशी भाजी, इंग्लिश भाजी

तमिळनाडूच्या भाजीबाजारात भाज्यांचे दोन गट पडतात. एक 'नाट्टु काय', म्हणजे देशी: वांगं, भेंडी, पडवळ, कारलं, वाल, गवार, कोहळा, कच्ची केळी, सुरण. दुसरा 'इंग्लिश काय': कोबी, गाजर, फरसबी, बीट, बटाटा, फुलकोबी. घाऊक बाजारात भाव सांगतानाही हे शब्द सर्रास येतात. मराठी मंडईत कोबीला कुणी परका म्हणत नाही. आपण ते केव्हाच विसरून गेलो. तमिळ स्वयंपाकघर मात्र विसरलेलं नाही, आणि रोजच्या वापरातल्या भाज्यांचा तिथला इतिहास हाती लागतो तो यामुळेच.

ही आठवण सर्वांत पक्की टिकली ती श्राद्धाच्या पानात. इथे एक खुलासा हवा. तमिळनाडूतली बहुसंख्य घरं मांसाहारी आहेत. शाकाहाराची जी परंपरा बाहेर 'साउथ इंडियन' म्हणून ओळखली जाते, ती मुख्यतः ब्राह्मण आणि शैव वेळाळ (शिवभक्त जमीनदार जात) घरांतली. शाकाहारी जेवणाला तमिळमध्ये शब्दच 'सैवम्' असा आहे. तर या ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या दिवशी बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर, फरसबी यांतलं काहीही शिजत नाही. मिरचीही नाही, तिखटपणा मिऱ्याचा. पानावर कारलं, कच्ची केळी, अळकुड्या, सुरण, वाल, काकडी आणि 'पिरंडै' म्हणजे कांडवेलीची चटणी.

याची गोष्टही सांगतात. वसिष्ठांनी विश्वामित्रांना श्राद्धाला बोलावलं, तेव्हा विश्वामित्रांनी अट घातली की एक हजार आठ भाज्या हव्यात. अरुंधतीने वाढलं कारलं, कांडवेल, फणस आणि वर आठ साध्या भाज्या. विश्वामित्र भडकले, तेव्हा तिने हिशेब ऐकवला: कारलं शंभर भाज्यांच्या बरोबरीचं, कांडवेल तीनशेच्या, फणस सहाशेच्या. बेरीज करून पाहा, बरोबर येते. 

या यादीकडे पाहून 'परदेशी ते वर्ज्य' असा सरळ नियम काढावासा वाटतो, पण तो टिकत नाही. वांगं आणि शेवगा अस्सल इथले, तरी कित्येक घरांत श्राद्धाला चालत नाहीत. कांदा-लसूण तर जुनेच, तेही नाहीत. म्हणजे ही काही इतिहासकाराने केलेली नोंद नव्हे. एवढंच म्हणता येईल की जी भाजी नंतर आली तिला पितरांच्या पानात जागा मिळाली नाही.

भाषेतही हीच नोंद सापडते. तमिळमध्ये मिऱ्याला 'मिळगु' आणि मिरचीला 'मिळगाय', म्हणजे मिऱ्यासारखं तिखट फळ. कानडीतही तसंच, मिरे म्हणजे 'मेणसु' आणि मिरची म्हणजे 'मेणसिनकायी'. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची आली आणि मिऱ्याचंच नाव घेऊन बसली. बटाटा तमिळमध्ये 'उरुळैक्किळंगु', गडगडणारा कंद. तेलुगूत तो 'बंगाळादुंप', बंगालचा कंद. टोमॅटोला जुनी माणसं 'सीमै तक्काळी' म्हणत. 'सीमै' म्हणजे विलायत. सगळ्यात मजेदार नाव चौचौचं. मूळची मेक्सिकोची ही भाजी. तमिळ माणूस तिला बेंगळूरचं वांगं म्हणतो आणि बेंगळूरचा माणूस 'सीमेबदनेकायी', म्हणजे विलायती वांगं. ती आपली आहे हे कबूल करायला कुणीच तयार नाही.

इंग्लिश भाज्या पसरल्या त्यामागे दोन ठिकाणं महत्त्वाची. एक निलगिरी. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९मध्ये तिथे वर गेला, उटीला घर बांधलं आणि थंड हवेत युरोपातल्या भाज्या लावल्या. पुढे डोंगरातली रेल्वे १८९९मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८मध्ये उटीपर्यंत पोचली. पायथ्याचं मेट्टुपाळयम आजही निलगिरीच्या बटाट्याची मोठी बाजारपेठ आहे. दुसरं ठिकाण बेंगळूर. १८०९ला तिथे इंग्रजांची छावणी झाली, गोऱ्यांच्या जेवणासाठी आसपास कोबी-नवलकोल पिकू लागले, आणि लालबागेत परदेशी रोपं रुजवून पाहिली गेली. साहेबाच्या टेबलासाठी पिकलेली भाजी मग हळूहळू अय्यरांच्या घरी गेली.

पण घरात शिरल्यावर तिचं काय झालं? तिथल्या पद्धती ठरलेल्या होत्या. पोरियल म्हणजे मोहरी आणि उडदाच्या डाळीच्या फोडणीवर परतलेली कोरडी भाजी, वरून ओलं खोबरं. कूट्टु म्हणजे मूगडाळीबरोबर शिजवून खोबरं-जिरं-मिरचीचं वाटण लावलेली. उसिली म्हणजे भिजवून वाटलेली तूरडाळ वाफवून, मोकळी करून भाजीत मिसळलेली. गवारीला जी वागणूक, तीच फरसबीला मिळाली. पडवळाचं कूट्टु होतं तसंच कोबीचं झालं. वेगळा मसाला नाही, वेगळी पाककृती नाही. टोमॅटोने मात्र बाजी मारली. चिंचेच्या जोडीला तो रसममध्ये असा काही शिरला की टोमॅटोशिवाय रसम हे आता नवलाचं वाटतं. खरं तर मिऱ्याचं जुनं 'मिळगु तण्णी', म्हणजे मिरेपाणी, इंग्रजांनी उचललं आणि त्याचं मलिगटॉनी सूप केलं.

आता सांबार, कारण मराठी वाचक त्याचीच वाट पाहत असणार. १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं राहिलं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या मुदपाकखान्यात संभाजीराजांसाठी आमटी करताना कोकम संपलं, चिंच घातली आणि संभाजींच्या नावावरून सांबार झालं, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. मला ती पटत नाही. चिंच मराठी आमटीला काही नवी नव्हती. शिवाय 'संभार' हा संस्कृत शब्द सामग्री या अर्थाने जुनाच आहे. केरळात 'संभारम्' म्हणजे मसाल्याचं ताक आणि आपल्या विदर्भात सांबार म्हणजे चक्क कोथिंबीर. एकट्या राजाच्या नावाने या तिघांचा उलगडा होणार नाही.

तंजावरचा मराठी ठसा पाहायचा तर 'रसवांगी' पाहावी. लहान वांगी, चिंचेचा कोळ, डाळ, आणि धणे-हरभराडाळ-खोबरं भाजून केलेलं वाटण. नाव मोठ्याने म्हणून पाहा, अनुवादाची गरजच नाही. तमिळ घरांतल्या 'पिट्लै'चा धागाही पिठल्याशी जोडतात, मात्र त्यात पीठ नसतं. कारलं किंवा वांगं, तूरडाळ आणि भाजलेल्या मसाल्याचं वाटण असतं. 

हे सगळं बराच काळ आजी-सुनेच्या तोंडी चाललं. एकत्र कुटुंबं सुटली, मुली लग्न होऊन दूर गेल्या, तेव्हा मद्रासच्या एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१मध्ये 'समैत्तुप् पार' (करून पाहा) हे पुस्तक काढलं. त्यानंतर ते नवऱ्या मुलींच्या सामानातून जाऊ लागलं.

महाराष्ट्रात आपण सांबार ओळखतो ते उडुपी हॉटेलातलं, गोडसर, भोपळा-शेवगा-वांगं सगळं एकत्र. तमिळ घरी ते भाताबरोबर जेवायचं असतं आणि बहुतेक वेळा त्यात एकच भाजी. आमच्या शेजारच्या मामी माटुंग्याहून भाजी घेऊन यायच्या. आज सांबार आहे का, असं मी विचारलं की त्या नुसतं 'मुळ्ळंगी' म्हणायच्या. मुळा. सांबार तर रोजच असायचं.