रटगर्स महाविद्यालयाचा १८६९ चा फुटबॉल हंगाम

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रटगर्स महाविद्यालयाच्या संघाचा पहिला फुटबॉल हंगाम. हंगामात सामने दोनच झाले आणि दोन्ही शेजारच्या प्रिन्स्टनशी (तेव्हाचे नाव कॉलेज ऑफ न्यू जर्सी). ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्सने ६–४ असा विजय मिळवला. १३ नोव्हेंबरला प्रिन्स्टन येथे ते ०–८ असे हरले. हे आकडे गोलांचे आहेत. आजच्या अमेरिकन फुटबॉलमधील गुण समजून ते वाचू नयेत.

नियम : पहिला सामना यजमानांच्या नियमांनी झाला आणि ते नियम लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या वळणाचे होते. मैदान ३६० फूट लांब व २२५ फूट रुंद, गोलखांबांमध्ये आठ पावलांचे अंतर, प्रत्येक बाजूला २५ खेळाडू. चेंडू पायाने मारावा, हाताने वा डोक्याने टोलवावा. मात्र फेकणे किंवा घेऊन धावणे हा फाउल. तो घडला की चूक करणाऱ्या बाजूनेच चेंडू सरळ वर उडवायचा. पाय अडकवून पाडण्यास व धरून ठेवण्यास मनाई होती. नाणेफेक दोनदा होई : पहिली जिंकणारा बाजू निवडी, दुसरी जिंकणाऱ्याला पहिली किक मिळे. देखरेखीला चार न्यायाधीश व दोन पंच असत.

मांडणी : दोन खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच उभे राहत. उरलेल्यांपैकी अकरा जण आपापली जागा न सोडता राखण करीत व बारा जण चेंडूमागे मैदानभर धावत. या धावणाऱ्यांना ‘बुलडॉग’ म्हणत. रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट, तर प्रिन्स्टनचा विल्यम गमेर. प्रिन्स्टनचे खेळाडू अंगापिंडाने उंच होते. ४–४ अशी बरोबरी झाल्यावर चेंडू जमिनीलगत ठेवून आखूड किक मारण्याची सूचना लेगेटने दिली, आणि शेवटचे दोन्ही गोल रटगर्सचे झाले. पन्नास जणांच्या गर्दीत दिशेचा गोंधळही होई : रटगर्सच्या एका खेळाडूने चेंडू स्वतःच्याच गोलकडे मारला, सहकाऱ्याने तो अडवला, पण प्रिन्स्टनने लगेच त्याचा फायदा उठवला. वेगळ्या गणवेशाची पद्धत नव्हती. खेळाडू टोप्या, कोट व जाकिटे उतरवून मैदानात आले. रटगर्सच्या काहींनी ओळखीसाठी डोक्याला किरमिजी कापड गुंडाळले होते.

रबरी चेंडूचीही अडचण होती. सुरुवातीच्या खेळाडूंच्या आठवणींनुसार तो पुरता गोल फुगतच नसे. हवा कमी झाली की खेळ थांबवून, छोट्या किल्लीने नळी उघडून, आळीपाळीने तोंडाने फुंकावे लागे. फुंकणारे दमले की चेंडू तसाच वेडावाकडा खेळात परत येई.

दुसऱ्या सामन्यात प्रिन्स्टनचा नियम लागला : हवेत किंवा पहिल्या टप्प्यावर चेंडू झेलणाऱ्याला अडथळ्याविना किक मारता येई. उंच खेळाडूंना याचा सरळ लाभ झाला. या सामन्याचे तपशील त्रोटकच मिळतात.

ठरलेला तिसरा सामना झाला नाही. अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून अध्यापकांनी तो थांबवला, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. चेंडू झेलल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या किकवर एकमत झाले नाही, असेही मत आहे. पहिल्या दोन सामन्यांचे नियम वेगळे होते हे पाहता दुसरे कारण दुर्लक्षण्याजोगे नाही.

उगमाचा वाद : ६ नोव्हेंबरचा सामना ‘पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना’ म्हणून सर्वत्र नोंदवला जातो. अमेरिकेतील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा आरंभ या अर्थाने ते मान्य करण्यास हरकत नाही. अमेरिकन फुटबॉलचा उगम मात्र तेथे शोधणे कठीण आहे, कारण चेंडू घेऊन धावणे हा त्या खेळाचा कणा असून १८६९ च्या नियमांत नेमके तेच निषिद्ध होते. म्हणून काही अभ्यासक मे १८७४ मधील हार्वर्ड–मॅकगिल सामन्यांकडे वळतात. त्यांपैकी दुसरा रग्बी नियमांनी खेळला गेला व ०–० असा बरोबरीत सुटला. १८७५ च्या हार्वर्ड–टफ्ट्स सामन्याचाही दावा मांडला जातो. अकरा खेळाडू व स्क्रिमेज, म्हणजे चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करण्याची पद्धत (१८८०), आणि तीन डावांत, म्हणजे तीन प्रयत्नांत, चेंडू पाच यार्ड पुढे नेण्याची अट (१८८२) हे येलचे खेळाडू वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने झालेले बदल लक्षात घेता रग्बीपासूनचा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

१८७० मध्ये कोलंबिया महाविद्यालयही या खेळात उतरले. न्यू ब्रन्सविकच्या त्या मैदानाच्या जागी पुढे रटगर्सची व्यायामशाळा उभी राहिली.