चार्पी पास झाली, म्हणून फटीगही पास?

द्रव नायट्रोजनची, ३०४एल या स्टेनलेस स्टीलची पाइपलाइन असली की फाइलमधलं एकच पान पुढे सरकवलं जातं: उणे १९६ अंश सेल्सिअसवरची चार्पी ही दणक्याची चाचणी, लॅटरल एक्सपान्शन (तुटताना तुकडा बाजूला किती फुगला ते) ०.३८ मिमीच्या वर. ‘मग फटीगची (वारंवारच्या ताणाने तडा जाण्याची) कसली काळजी?’ हे ऐकून कान किटले.

चार्पी सगळ्यांना पाठ आहे. खाच पाडलेला तुकडा एका दणक्यात किती ऊर्जा खातो, एवढंच ती सांगते. या स्टीलचा मुख्य घटक ऑस्टेनाइट थंडीत ठिसूळ होत नाही, वेल्डमध्ये उरलेला दुसरा घटक, डेल्टा फेराइट, होतो. म्हणून फिलरचा (वेल्डमध्ये भरायच्या धातूचा) फेराइट नंबर, म्हणजे फेराइटचं माप, कमी ठेवायचा. पण अगदी शून्यावर नेलात तर वेल्ड गोठतानाच तडकायची भीती.

फटीगमध्ये दणका नसतो. छोटा ताण पुन्हा पुन्हा येत राहतो. थंडीत ३०४ची टेन्साइल स्ट्रेंग्थ (ओढ सोसायची ताकद) दुपटीच्या वर जाते आणि गुळगुळीत नमुना फटीगलाही जास्त टिकतो, हे खरंच. घोळ होतो तो हा फायदा वेल्डलाही देऊन टाकल्यामुळे. वेल्डच्या टोला (कडेला) अंडरकट, म्हणजे खाच, असतो, रूटला (मुळाशी) फ्यूजन, म्हणजे धातू वितळून एकजीव होणं, अपुरं राहिलेलं असतं, वर यील्डच्या (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्या) आसपासचा अंतर्गत ताण आधीच ठाण मांडून असतो. तडा सुरू व्हायला वेळच लागत नाही. जवळजवळ सगळं आयुष्य तो वाढण्यात जातं. त्यामुळे वेल्डचा एस-एन आलेख (किती ताणाला किती फेरे टिकेल ते दाखवणारा) धातूची ताकद विचारत नाही, जोडाचा आकार आणि स्ट्रेस रेंज (ताणाचा चढउतार) विचारतो. त्याचा स्लोप ३, म्हणजे आयुष्य रेंजच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. थंडीतल्या वाढीव ताकदीच्या भरवशावर रेंज दुप्पट होऊ दिलीत, तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर. चार्पीवाला चिवटपणा कामाला येतो तो शेवटी: किती लांबीचा तडा पाइप फोडेल, हे ठरवायला.

ताणाच्या सायकली (फेरे) मोजतानाही पंपाची कंपनं मोजतात आणि कूलडाउन (लाइन थंड करणं) विसरतात. उणे १९६पर्यंत पाइप मीटरमागे साधारण ३ मिमी आकसतो. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर एवढ्यात यील्ड ओलांडलं जातं. लूप (पाइपचा वळसा) किंवा बेलोज (लवचीक घडीदार नळी) द्याच.

सॉकेट वेल्ड (पाइप खोबणीत घालून बाहेरून मारलेला) मला अशा लाइनवर नकोच. त्याच्या रूटची फट म्हणजे आयता तडा, आणि रेडिओग्राफीत धड दिसतही नाही. टिग वेल्डिंगने मारलेला रूट, आतून आर्गॉन पर्जिंग (आतली हवा आर्गॉनने हटवणं), पूर्ण पेनिट्रेशनचा (भिंतीच्या आरपार वितळलेला) बट वेल्ड, म्हणजे टोकाला टोक जोडलेला. टो घासायचा तर बरने (छोट्या फिरत्या कटरने), अंडरकटच्या तळाखाली किमान ०.५ मिमी, ओरखडे वेल्डला आडवे. २ इंची शेड्यूल १०एस (पाइपच्या जाडीचा वर्ग) पाइपची भिंत मात्र जेमतेम २.७७ मिमी, तिथे घासण्याआधी जाडी मोजा, आणि अंडरकट खोल असेल तर जोड कापून नव्याने मारा.