शब्द शेपटाकडून शोधताना

‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा. पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा.’ हे गाणं न म्हणता मोठं झालेलं मराठी मूल विरळाच. आता त्यातली दुसरी जोडी जरा डोळ्यांनी बघा. ‘खोटा’त ट आहे, ‘मोठा’त ठ. काटेकोरपणे पाहिलं तर हे यमक जुळलेलं नाही. तरीही किती पिढ्यांनी ते अंगणात भिजत म्हटलं, आणि कुणाच्याही कानाला ते खटकलं नाही.

मला हे न जुळलेलं यमक फार मोलाचं वाटतं. यमक अक्षरांचं नसतं, आवाजाचं असतं, हे ते आपल्याला दोन ओळींत शिकवतं. ट आणि ठ म्हणताना जीभ टाळूला एकाच जागी टेकते. फरक असतो तो फक्त जीभ सुटताना बाहेर पडणाऱ्या श्वासाच्या जोराचा. दोन खणखणीत स्वरांच्या मध्ये तेवढा फरक कान सोडून देतो. ‘खोटा’ला ‘मोठा’ चालतं, पण ‘खोटा’ला ‘खोका’ चालत नाही, कारण क घशाजवळ तयार होतो आणि त्याचा आवाजच वेगळा.

हे फक्त आपल्या बडबडगीतांपुरतं नाही. जपानी रॅप गाण्यांमधल्या अर्धवट यमकांचा शिगेतो कावाहारा या भाषाशास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध केला. रॅपर मंडळी कोणती व्यंजनं एकमेकांसमोर ठेवतात, हे त्याने मोजून पाहिलं. कानाला सारखी वाटणारी व्यंजनं योगायोगाने यावीत त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा जोडीने येत होती. त्या मुलांपुढे ध्वनिशास्त्राचं पुस्तक नव्हतं. कान होता, तेवढा पुरला.

मग किती आवाज जुळला म्हणजे यमक झालं? ‘घर’ आणि ‘वर’ जुळतात. ‘घर’ आणि ‘दार’ यांत शेवटचा र सारखा असूनही ते जुळत नाहीत. लिहिताना ‘घर’ दोन अक्षरांचं, पण बोलताना आपण शेवटचा अ गिळतो आणि ‘घर्’ एवढं एकच उच्चारखंड उरतं. त्याचे दोन भाग पडतात: सुरुवातीचा घ् आणि मागचं ‘अर्’ हे शेपूट. यमकात हे शेपूट स्वरासकट जुळावं लागतं. शब्द स्वरान्त असेल तर एक पाऊल आणखी मागे जावं लागतं. ‘होळी’ला ‘काळी’ जोडलं तर ‘ळी’ जुळूनही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ‘होळी रे होळी, पुरणाची पोळी’ म्हटलं की कान तृप्त होतो, कारण ‘ओळी’ हे अख्खं शेपूट जुळलं. गझल लिहिणारे या मागच्या स्वराला अलामत म्हणतात आणि त्याबाबत तडजोड करत नाहीत. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या दोन ओळींत, ‘घर’ आणि ‘सर’ आलं की पुढच्या एकाही शेरात ‘दूर’ चालणार नाही. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नवोदितांना हे नियम समजावले, तेव्हा खरं तर ते त्यांचा कान घडवत होते.

आता मूळ अडचण. यमक ओळखायला क्षणही लागत नाही, मग शोधायला इतका वेळ का लागतो?

गाण्याच्या भेंड्या आठवा. समोरच्याने ‘म’वर आणून सोडलं की दहा जण एकदम ओरडतात. आता खेळ उलटा करा आणि ‘म’ने संपणारं गाणं मागा. सगळे गप्प होतील. आपल्या डोक्यातला शब्दसंग्रह पुढच्या बाजूने उघडतो. ऐकतानाही तसंच होतं. शब्दाचा पहिला आवाज कानावर पडताच त्या आवाजाने सुरू होणारे अनेक शब्द मेंदूत जागे होतात, आणि आवाज पुढे सरकेल तसे एकेक गळत जातात. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली हे लोकांच्या नजरेवरून दाखवलं. पडद्यावर काही चित्रं होती आणि कानावर ‘बीकर’ हा इंग्रजी शब्द पडत होता. शब्द पुरता व्हायच्या आत नजर ‘बीटल’ म्हणजे भुंग्याच्या चित्राकडेही वळत होती, कारण दोन्हींची सुरुवात एक. ‘स्पीकर’कडेही ती वळली, पण उशिरा आणि कमी वेळा. म्हणजे यमकाचे शब्द मेंदूत जागे होतात, पण मंदपणे. ते मागच्या दाराशी उभे असतात.

त्यांना आत घेण्याचं साधन मराठी माणसाकडे पहिलीपासून आहे. आपली वर्णमाला. रोमन लिपीतला ए-बी-सी-डीचा क्रम आवाजाच्या दृष्टीने अगदी विस्कळीत आहे. आपला क-ख-ग-घ मात्र घशापासून ओठांपर्यंत क्रमाने चालत येतो. म्हणून शेपूट पक्कं धरायचं आणि त्याच्यापुढे एकेक व्यंजन लावत जायचं. ‘ओळी’ घ्या. कोळी, खोळी, गोळी. घ रिकामा. चोळी, झोळी, टोळी. मग जुन्या कवितेतली ‘डोळी’, म्हणजे डोळ्यात. त-थ-द-ध ओलांडून पोळी, भोळी, मोळी, होळी. आणि काहीही न लावता नुसती ओळी. ही एक फेरी झाली. आता पुढे एखाददुसरं अक्षर येऊ द्या: आरोळी, रांगोळी, चारोळी. दोन मिनिटांत डझनभर शब्द हाती आले. रिकाम्या जागांवरही थांबावं, कारण तिथेच जवळचे आवाज वापरायचे की नाही हा निर्णय घ्यावा लागतो. कोकणातला, वऱ्हाडातला, खानदेशातला माणूस आपल्या बोलीतले शब्द त्या जागांत भरू शकतो, आणि त्याने ते जरूर भरावेत.

हेच काम संगणकाला सांगितलं तर शब्दांची यादी शेवटच्या अक्षराकडून लावायची, इतकंच. मात्र देवनागरीत एक मेख आहे. ‘मन’ टंकलं की संगणकाकडे जातात फक्त म आणि न. त्यांच्या पोटातला अ त्याला दिसत नाही, आणि यमक तर त्या अ-वरच उभं असतं. म्हणून आधी शब्द उच्चाराप्रमाणे फोडून लिहावा लागतो आणि मगच उलटा करावा लागतो.

फोडल्यावरही फसगत होते, कारण आपली लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक असली तरी पूर्ण नाही. ‘पाच’ हा आकडा आणि ‘पाच’ हे रत्न सारखंच लिहितात, पण आकड्यातला च दंत्य, म्हणजे जीभ दातांजवळ टेकवून म्हटलेला, रत्नातला तालव्य, म्हणजे टाळूला टेकवून म्हटलेला. त्यामुळे नाच, काच, टाच, लाच आणि वाच ही आकड्याची भावंडं, रत्नाची नव्हेत. ‘जरा थांब’ म्हणतानाचा ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांचंही तसंच. ‘माझा’ म्हणताना झ दंत्य असतो आणि ‘माझी’ म्हणताना ई-च्या ओढीने तो तालव्य होतो. गाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण छापील ओळ बघून यमक पारखणाऱ्याची हमखास चूक होते. यमक मोठ्याने म्हणूनच पारखावं.

मराठीत यमक सोपं आहे, असं म्हणतात. एका अर्थाने ते खरं आहे, आणि तोच धोका आहे. आपली भाषा शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावते. आलो, गेलो, बसलो, उठलो. घराला, दाराला, गावाला. कितीही ओळी अशा ‘जुळवता’ येतात. पण इथे जुळतो तो प्रत्यय, शब्द नव्हे. ‘बसलो’ला ‘गेलो’ जोडलं तर व्याकरणाने दिलेलं फुकटचं यमक मिळतं. ‘बसलो’ला ‘हसलो’ किंवा ‘फसलो’ जोडलं तर धातूपर्यंत जाऊन कमावलेलं. प्रत्ययाचं यमक वाईटच असतं असं मात्र नाही. ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’ या प्रसिद्ध ओळींतलं यमक सगळं षष्ठीच्या ‘ची’वर चाललं आहे, तरी ओळी पाठ होतात. यादीच करायची असेल तर प्रत्यय शोभतो. मनातलं काही सांगायचं असेल तर मी धातूपर्यंत जाईन.

पाठ होण्याचं म्हणाल, तर स्मरणशक्ती हेच यमकाचं खरं कार्यक्षेत्र. डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस यांनी १९८९ साली एक साधा प्रयोग मांडला. त्यांनी लोकांना कधी फक्त अर्थाचा इशारा दिला, कधी फक्त यमकाचा, कधी दोन्ही. एकेका इशाऱ्याने हवा तो शब्द क्वचितच सुचला. दोन्ही एकत्र दिले तर जवळपास प्रत्येकाला तो सुचला. मराठीत करून बघा. ‘एक पक्षी सांग’ म्हटलं तर कावळा, चिमणी, पोपट, काहीही येईल. ‘दोरशी जुळणारा शब्द सांग’ म्हटलं तर चोर, पोर, जोर. पण ‘दोरशी जुळणारा पक्षी’ म्हटलं की बहुतेकांना मोरच सुचणार. दोन अर्धवट खुणा एकमेकींना छेदतात आणि बरोबर त्या जागी बहुधा एकच शब्द उभा असतो.

आपल्या मौखिक परंपरेचं हे यंत्रच आहे. ज्ञानेश्वरीची ओवी बघा. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड चरण मोकळा. पसायदानात ‘देवे’, ‘तोषावे’, ‘द्यावे’ अशा तीन गाठी बसतात आणि मग ‘पसायदान हे’ म्हणून ओवी हलकेच सुटते. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशा अक्षरांचे चरण असतात, आणि यमक मधल्या दोघांत. ‘उभे विटेवरी, कर कटावरी.’ एक चरण विसरलात तर शेजारचा चरण तो ओढून आणतो. जात्यावर बसून रचलेल्या लाखावर ओव्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा झाल्या आहेत, आणि त्या रचणाऱ्या कितीतरी बायांनी कधी पाटीला हात लावला नव्हता. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ‘चुल्ह्यावर’ला ‘भाकर’ जोडताना त्यांनी शेवटचं अक्षर पाहिलं नाही, ऐकलं.

लिहिता न येणाऱ्याला यमक कळतं, आणि ज्याला यमक कळतं तो पुढे वाचायला लवकर शिकतो. ऑक्सफर्डमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी अजून वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना शब्द ऐकवून ‘यातला न जुळणारा कोणता?’ असं विचारलं. आपल्याकडे ‘पान, कान, हात, रान’ म्हणून विचारावं, तसं. नंतर काही वर्षं त्यांची वाचनातली प्रगती पाहिली. ज्यांना न जुळणारा शब्द चटकन कळला होता, ती मुलं पुढे वाचनातही सरस ठरली. हा अभ्यास १९८३ साली ‘नेचर’मध्ये आला. बडबडगीतं म्हणजे वेळ घालवण्याचा खेळ, असं समजणाऱ्या प्रत्येक घरात हे पोचायला हवं.

गाणं लिहिणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. यमकावर बहुधा सूर लांबतो. क्, ट्, त् यांवर तो लांबूच शकत नाही, कारण तिथे हवा अडलेली असते. आ, ई, ए यांवर हवा तितका धरता येतो. म्, न् गुणगुणता येतात. ‘अंगणात’ गायला घेतलं तर त वर आवाज तुटतो. ‘अंगणी’ म्हटलं की ई उघडी मिळते, शिवाय साजणी, चांदणी, पापणी या शेजारणी मिळतात. बोलण्यातून बऱ्याच अंशी मागे पडलेली ही जुनी सप्तमी गाण्यात अजून टिकली आहे, ती नुसत्या हौसेने नव्हे, गळ्याच्या सोयीने टिकली आहे असं मला वाटतं.

आणि एक जुनी युक्ती. दोन शब्दांतला जो ओढून आणलेला वाटेल तो पहिल्या ओळीत टाकावा आणि सहज येणारा दुसऱ्या ओळीसाठी राखावा. ऐकणाऱ्याचा मेंदू दुसऱ्या ओळीच्या शेवटाची वाट बघत असतो. मायकेल रग यांनी १९८४ साली डोक्याला तारा लावून नोंदवलं की दुसरा शब्द न जुळल्यास साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूचा विद्युत-प्रतिसाद वेगळा उमटतो. पहिल्या ओळीत असा पहारा नसतो.

आता पुन्हा पावसाकडे. ‘पाऊस’ला यमक शोधत वर्णमालेतून फेरी मारली तर नामं जवळजवळ सापडतच नाहीत. माणूस, कापूस जवळून जातात, पण मधला आवाज वेगळा. मग अचानक क्रियापदं येतात, आणि तीही एकाच घरातली: जाऊस, खाऊस, गाऊस. ही सगळी ‘नको’च्या मागे चालणारी रूपं. म्हणजे मराठीत पावसावर ओळ लिहून पुरं यमक शोधायला निघालं की भाषा तुम्हाला कुणाला तरी थांबवायला लावते. मी एक कविता पावसावर म्हणून सुरू केली होती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘नको जाऊस’ आलं, आणि ती कोणासाठी होती ते मला तेव्हा कळलं.