वासे मोजा, पण तुळईकडेही पाहा

‘आढ्याचं पाणी वळचणीला’ असं आपण सहज म्हणून जातो. आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं, दोन्ही उतार भेटतात तिथलं आडवं लाकूड. वळचण म्हणजे भिंतीबाहेर आलेली खालची कड. मध्ये तिरके वासे, वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर कौलं. एका उताराला पाखं म्हणतात, म्हणून दोन उतारांचं छप्पर दुपाखी आणि चार उतारांचं चौपाखी. पाणी कुठे जातं ते म्हणीतच आलं. वजन कुठे जातं, ते मात्र करून पाहावं लागतं.

दोन पोस्टकार्डं गुळगुळीत टेबलावर एकमेकांना टेकवून उभी करा आणि माथ्यावर बोटाने हलकेच दाबा. कार्डं मोडत नाहीत, त्यांचे पाय बाहेर सरकतात. आता दोन्हींच्या खालच्या कडेला भोक पाडून दोरा ओवा, गाठ मारा आणि पुन्हा दाबा. पाय जागचे हलत नाहीत. दोरा इतका ताठ होतो की नखाने छेडला तर थरथरतो.

छपरात हा दोरा म्हणजे तुळई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेलं आडवं लाकूड. ती भार पेलत असेल असं वाटतं, पण तिचं मुख्य काम वाशांचे पाय फाकू न देण्याचं.

हा रेटा किती असतो? समजा, दोन वासे माथ्याशी नुसते एकमेकांना टेकलेत आणि प्रत्येकावर 100 किलोचा भार सारखा पसरलाय. उतार 45 अंशांचा असेल, तर पायाशी बाहेरचा रेटा 50 किलोइतका. 30 अंशांवर तो 87 होतो आणि 15 अंशांवर तब्बल 187, म्हणजे वाशावरच्या भारापेक्षाही जास्त! छप्पर जितकं पसरट, तितकं ते भिंतींना जास्त ढकलतं.

म्हणूनच माळ्यावर डोक्याला लागते म्हणून कुणी तुळई कापली की माझ्या पोटात गोळा येतो. छप्पर त्या दिवशी पडत नाही. हळूहळू भिंतीचा माथा बाहेर कलतो, आढं मधोमध खचतं, कोपऱ्यात वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी भेग दिसू लागते. आढ्याला मधल्या भक्कम खांबांचा आधार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वाशांचा वरचा भार आढं घेतं आणि रेटा जवळजवळ उरत नाही.

वासे आणि तुळई मिळून जो त्रिकोण होतो, तीच कैची. इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातल्या चर्चवर 6व्या शतकातल्या लाकडी कैच्या आजही जागेवर आहेत.

मोठ्या कैचीत मधोमध एक उभं लाकूडही असतं. त्याला सगळे खांब समजतात, पण ते वरून लटकलेलं असतं. तुळई लांब असली की स्वतःच्याच वजनाने मध्ये झोळ खाते. हे लाकूड तिला वर ओढून धरतं. जाणत्या सुताराने केलेली अशी कैची जवळून पाहायला मिळाली, तर त्या ‘खांबा’चा पाय बघा. कित्येकदा तो तुळईवर टेकलेलाच नसतो. मध्ये बारीक फट असते, आणि तुळईखालून वळवून आणलेली लोखंडी पट्टी तिला वर धरून ठेवते.