पार्श्वभूमी : 'सहा महिने' म्हणजे नेमकं कधी?

बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं, याचा ठरावीक आकडा असावा हा आग्रह तसा अलीकडचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांचा भर घड्याळावर होता: दर चार तासांनी दूध, मधे बाळ रडलं तरी रडू द्यायचं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या १९७९ च्या बैठकीत वरचं अन्न '४ ते ६ महिने' या वयात सुरू करावं, असं ठरलं. दोन वर्षांनी संघटनेच्या सभेत दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींना लगाम घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. खरा वाद पेटला तो २००१ मध्ये, संघटनेच्या शिफारशीत '४ ते ६' ऐवजी थेट '६' आल्यावर.

सहाच्या बाजूने मुद्दा भक्कम होता. सहा महिने फक्त आईचं दूध घेणाऱ्या बाळांना जुलाबाचे आजार कमी होतात, वाढही सरासरीने खुंटत नाही. मात्र काही बाळांच्या अंगातलं लोह त्याआधीच कमी पडू शकतं, हेही तेव्हाच नोंदवलं गेलं. शिफारस लोकसंख्येसाठी होती; घरोघरी ती प्रत्येक बाळाला लागू होणारी तारीख ठरली. २००९ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी निरोगी बाळांना ४ ते ६ महिन्यांदरम्यान वरचं अन्न दिलं तरी धोका नाही, असं मत दिलं.

मराठीत गुंता आणखी वाढतो. 'सहावा लागला' म्हणजे पाचच पूर्ण झाले. शिफारस आहे ती सहा भरल्यानंतरची. एका प्रत्ययाने महिनाभराचा फरक पडतो. उलट 'सहाच्या आधी नको' एवढंच ज्यांच्या लक्षात राहतं, त्यांच्याकडे आठवा-नववा उजाडतो. हे नुकसान चर्चेत कायम मागे पडलं, असं मला वाटतं.

'किती' हा प्रश्न त्यामानाने उशिरा आला. आईचं दूध सुरू असताना वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत रोज सुमारे २००, ९ ते ११ मध्ये ३०० आणि वर्षानंतर ५५० किलोकॅलरी मिळाव्यात, असं संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आलं. पोट एवढंसं, त्यामुळे पातळ पेजेने ते भरतं, पण ऊर्जा मिळत नाही. म्हणून घट्टपणा महत्त्वाचा. भुकेच्या खुणा ओळखून भरवा, जबरदस्ती नको, हेही त्यातच होतं. संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत रोज फळं-भाज्या आणि अंडी, मासे किंवा मांस यांच्यावर भर आहे. सुरुवातीचं वय मात्र तेच राहिलं, आणि काही बाळांना त्याआधी अन्न दिल्याने फायदा होऊ शकतो, ही पुस्तीही त्याला जोडली गेली.