बॉनेटखाली पाइप नको, फडकं घ्या
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे घरोघरी गाड्या धुतात. बाहेरून गाडी चकाचक झाली की कुणीतरी बॉनेट उघडतं, पावसाळ्यातला चिखल आणि जांभ्याची लाल धूळ बघतं आणि हातातला पाइप तसाच आत फिरवतं. दसरा झाला की अशी एखादी गाडी आमच्याकडे येतेच. गेल्या वर्षी आलेली गाडी पेट्रोलची होती. चालू व्हायची, पण उभ्या जागी थडथड हलायची आणि चेक लाइट लुकलुकत होता. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) उपसली तर तिचं रबर ओलंचिंब, आणि खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी साठलेलं. त्यात झेंडूची एक पाकळी तरंगत होती. त्या काकांनी गाडी मनापासून धुतली होती. आत गेलेलं पाणी कुठे साठतं, हे मात्र त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायची जबाबदारी आमची, म्हणून हे पत्रक.

इंजिन ओल्या फडक्यानं पुसा, पाण्याच्या धारेनं धुऊ नका. आजच्या गाड्यांमध्ये बॉनेटखाली जिकडे बघाल तिकडे सेन्सर आणि वायरींचे कप्लर, म्हणजे जोड, आहेत. प्रत्येक कप्लरमध्ये बारीक रबरी रिंग असते. पावसात उडणारे शिंतोडे ती अडवते. प्रेशर पंपाच्या धारेपुढे मात्र तिचं काही चालत नाही, आणि एकदा आत गेलेलं पाणी त्याच रिंगमुळे बाहेर येत नाही. आतल्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाडी मध्येच बंद पडायला लागते. तोवर आपण इंजिन धुतलं होतं, हे कुणाच्या लक्षातही नसतं.

हात लावण्याआधी

वेळ सकाळची निवडा. रात्रभर उभी असलेली गाडी, चालू करण्यापूर्वी, सावलीत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर सायलेन्सरच्या इंजिनाकडच्या तोंडाशी असलेल्या ओतीव भागाला तडा जाऊ शकतो, आणि हात भाजतो तो वेगळाच. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळी थेट तोंडावर येते.

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. मोबाइलवर इंजिनाचे चार फोटो काढा, कुठली नळी कुठे होती हे नंतर आठवावं लागत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यामुळे ही पायरी टाळू नका. नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या टोकाशीच छोटा सेन्सर असतो, तो ओढू नका. चावी खिशात ठेवा आणि एक काच खाली राहू द्या. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंगही जातं. त्यानं घाबरून जाऊ नका.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो), फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरच्या हवा घ्यायच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. बांधताना मोजा. आमच्याकडूनही एकदा एअर फिल्टरवरची पिशवी राहून गेली होती. तेव्हापासून आम्ही आकडा खडूनं जमिनीवर लिहितो.

आधी उंदीर बघा

कोकणातल्या गाडीत बॉनेट उघडून पहिली गोष्ट बघायची ती ही. विशेषतः गणपतीला गावी आणलेली, नाहीतर पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली गाडी असेल तर. बॅटरीच्या मागे, इंजिनाच्या वरच्या प्लॅस्टिक कव्हरखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात हमखास घरटं सापडतं: सुका पाला, कापूस, बॉनेटच्या आतल्या चादरीचे तुकडे, नारळाचा काथ्या. काळ्या तांदळासारख्या लेंड्या दिसल्या की समजा.

हे हातानं उपसू नका आणि सुकं झाडूही नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) उंदरांच्या लघवीतून पसरतो आणि हातावरच्या साध्या खरचटलेल्या जागेतूनही शरीरात शिरतो. रबरी हातमोजे घाला, नाका-तोंडाला रुमाल बांधा, घरटं साबणाच्या पाण्यानं किंचित ओलं करा आणि पिशवीत भरून तोंड बांधा. मग बॅटरी टॉर्च घेऊन वायरींवरून नजर फिरवा. कुरतडलेल्या वायरीचं तांबं चमकतं. तसं काही दिसलं तर तिथे ओलं फडकं लावू नका, टेप गुंडाळून काम भागवू नका. फोटो पाठवा, आम्ही सांगू.

उंदीर येऊ नयेत म्हणून बरेच जण तंबाखूची पानं ठेवतात. तंबाखूवर आमचा विश्वास नाही. काही दिवसांत वास उडतो, सुकलेलं पान घरंगळून सायलेन्सरवर पडलं की पेटायची भीती, आणि चुरा एसीच्या ब्लोअरमध्ये जातो तो जातोच. गाडी दर दोन दिवसांनी जागची हलवणं आणि आसपास धान्य, पेंड, आंब्याच्या कोयी न ठेवणं याचा जास्त उपयोग होतो.

वायपरखालची पन्हळ

काचेच्या खाली, वायपर जिथे बसवलेले असतात, तिथे एक पन्हळ असते. पावसाचं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंच्या भोकांवाटे खाली जातं. आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांची ही भोकं पाल्यानं गच्च भरतात. मग पाणी वाट शोधत ब्लोअरमधून पायाखालच्या मॅटवर येतं, आणि ग्राहक म्हणतात, एसी गळतोय. पाला हातानं काढा, कोपऱ्यातला काळा चिखल जुन्या टूथब्रशनं खरवडा. सगळं मोकळं झाल्यावर अर्धा तांब्या पाणी सावकाश ओता आणि पुढच्या चाकामागे खाली बघा. धार लगेच दिसली पाहिजे. बॉनेटजवळ तांब्यानं पाणी ओतायची ही एकच जागा.

पुसायचं कसं

सामान घरातलंच: दोन बादल्या, जुनी सुती फडकी, टूथब्रश, रंगकामाचा मऊ ब्रश आणि कार शॅम्पू. ब्रशच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बॅटरीला लागून ठिणगी पडणार नाही. शॅम्पू नसेल तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब बादलीभर पाण्यात पुरतात. कपडे धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक नको, ॲल्युमिनियम काळं पडतं.

आधी सुक्या ब्रशनं धूळ खाली पाडा. मग घट्ट पिळलेलं फडकं. फडक्यातून थेंब गळत असेल तर पुन्हा पिळा. वरून खाली या, म्हणजे पुसलेल्या जागेवर घाण ओघळत नाही. ऑइलच्या टोपीभोवती आणि ब्रेक ऑइलच्या डबीभोवती टोपी बंद असतानाच पुसा, नाहीतर माती आत जाते. चिकट ग्रीस असेल तिथे पाण्यात मिसळणारा डिग्रीझर (ग्रीस काढायचं द्रावण) ब्रशवर घेऊन लावा, सरळ फवारू नका. तीन-चार मिनिटांनी, सुकायच्या आत, ओल्या फडक्यानं काढा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर अर्धा कप पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि टूथब्रशनं घासा. फेस येईल, तो यायलाच हवा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. शेवटी टोकांना बोटभर पेट्रोलियम जेली लावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करावं, खाऱ्या वाऱ्यात टोकं लवकर खराब होतात.

रेडिएटरच्या जाळीत हारातल्या पाकळ्या आणि किडे अडकलेले असतात. ते मऊ ब्रशनं अलगद काढा. जाळीची पाती पातळ असतात, जोरानं दाबली तर वाकतात आणि हवा अडते. इंजिनाच्या फिरत्या रबरी पट्ट्यावर साबण, ऑइल किंवा चमकवायचं पॉलिश काहीही लावू नका, पट्टा घसरतो.

डिझेल मारू नका

पावसाळ्याच्या तोंडावर बरेच ग्राहक म्हणतात, “जरा डिझेल मारून द्या, चकाकलं पाहिजे.” आम्ही ते करत नाही, तुम्हीही करू नका. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याच्या) रबरी नळ्या फुगतात आणि सैल पडतात, वर धूळ अधिक चिकटते. आणि गरम इंजिनावर उरलेला थर पेटला तर गाडी वाचवायला हातात काही नसतं.

सीएनजी गाडीच्या रेग्युलेटरला, नळ्यांना आणि त्यांच्या नटांना पान्यानं हात लावू नका. टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. वास आला तर गाडी चालू करू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब जा आणि फोन करा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील. तिथे घरी काम करू नका, ती गाडी आमच्याकडे आणा.

पुरात बुडालेल्या गाडीचं प्रकरणच वेगळं. २०२१ च्या जुलैत चिपळुणात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, तसं पुन्हा कुठेही झालं तर पुसू नका आणि सेल्फही मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका सेल्फमध्येही पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी टो करूनच हलवा.

झाल्यावर

पिशव्या मोजून काढा, हत्यारं मोजून ठेवा. निगेटिव्ह घट्ट करा. बॉनेट उघडं ठेवून गाडी मोकळ्या जागेत दहा मिनिटं चालू ठेवा, ओढणी आणि मफलर पट्ट्यापासून लांब. थोडी वाफ निघेल. गाडी झटके देऊ लागली किंवा चेक लाइट लुकलुकला तर लगेच बंद करा. तशीच चालवत आणलीत तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळतं.

बादलीतलं काळं पाणी विहिरीपासून लांब टाका. कुठे कूलंट सांडलेलं असेल तर लगेच पुसून घ्या. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

त्या रात्री गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. इंजिन स्वच्छ असल्यामुळे आता जी गळती दिसेल ती ताजी असेल. सकाळी पुठ्ठ्यावर तपकिरी-काळा डाग दिसला तर बहुधा इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर कूलंट. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको. डागाच्या बाजूला गाडीचं तोंड कुठे होतं तो बाण काढा आणि पुठ्ठा तसाच घेऊन या. बघायचे पैसे आम्ही घेत नाही.