गज थरथरतो तेव्हा

1901 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपाइस डोंगरावर एक दगड गडगडत आला आणि विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांच्या डाव्या हाताची बोटं चेचली गेली. तारा दाबायचा हात तो! तरी त्या क्षणी त्यांच्या मनात पहिला विचार आला, तो ‘सुटलो, आता वाजवावं लागणार नाही’ असा. हात पुढे बरा झाला, कीर्ती जगभर पसरली. मैफलीआधीची धास्ती मात्र कायम राहिली. भीती वाटते म्हणजे रियाज कमी पडला, असं म्हणणाऱ्यांनी कासाल्स आठवावेत.

समोर बसलेले श्रोते मेंदूला धोका वाटू लागले, की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटं गार होतात. पळून जायचं असेल तर ही तयारी उत्तम. व्हायोलिन वाजवायला नाही. आपला हात एरवीही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा सूक्ष्म थरथरत असतो. अ‍ॅड्रेनलिनमुळे हा कंप वाढतो. जलद वाजवताना तो खपून जातो. पण लांब, हळुवार स्वर काढताना व्हायोलिनचा गज तारेवरून सावकाश सरकतो आणि प्रत्येक थरथर सुरात उतरते. म्हणून अवघड जागा निभते आणि सोपी दगा देते.

1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 24 तंतुवादकांवरचा प्रयोग छापून आला. प्रत्येकाने एकदा ऑक्सप्रेनोलॉल नावाच्या औषधाची गोळी घेऊन वाजवलं, एकदा नुसती खोटी गोळी घेऊन. कधी कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीने कंप घटला, वादन सुधारलं आणि जास्त घाबरणाऱ्यांना जास्त फायदा झाला. ही गोळी हृदयावर आणि स्नायूंवर होणारा अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवते. दमेकऱ्यांना अशी औषधं घातक ठरू शकतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नयेत.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 मध्ये वेगळीच वाट दाखवली. गाण्याआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणारे, ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त सुरात गायले. धडधड काही कमी झाली नव्हती. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण विंगेत उभ्या असलेल्या मुलाला आपण ‘शांत हो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात नसलेली गोष्टच मागत असतो. त्यापेक्षा क्लासमध्येच कधीतरी त्याला दोन जिने धावत चढायला लावावं आणि धाप लागलेली असतानाच चार जणांसमोर वाजवायला सांगावं.